बेळगावला परत येताय? परदेशात जन्मलेल्या लेकराचे कागद: एंट्री व्हिसा, ओसीआय की भारतीय पासपोर्ट

माझ्या भाचीचा मुलगा टेक्सासात जन्मला. तो तीन वर्षांचा असताना नवरा-बायकोनं कायमचं बेळगावला यायचं ठरवलं आणि घाईत पोराचा ई-टुरिस्ट व्हिसा काढून विमानात बसले. इथं आल्यावर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड) करू, असा त्यांचा हिशोब. पण टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला भारतात राहून ओसीआयचा अर्ज करताच येत नाही. आई-बाप भारतीय, आजोबा इथल्याच शहापूर भागातले, तरी पोराला पुन्हा देशाबाहेर न्यावं लागलं. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट तपासा: लेकरू दुसऱ्या देशाचं नागरिक आहे का? दुबई किंवा मस्कतला जन्मलं म्हणून तिथलं नागरिकत्व मिळत नाही. वडिलांच्या नोकरीवर मिळालेला तो नुसता राहण्याचा परवाना. अशा मुलाची जन्मनोंदणी एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करा आणि भारतीय पासपोर्ट घ्या, विषय संपला. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. खरा पेच अमेरिकेत जन्मून तिथला पासपोर्ट घेतलेल्या मुलांचा.

एंट्री व्हिसा हा तात्पुरता मार्ग. भारतीय वंशाच्या माणसाला आणि त्याच्या मुलांना तो मिळतो, पण मुदत संपायच्या आत वाढवून घ्यावा लागतो. आजोबा आजारी आहेत, उद्याच निघायचंय आणि ओसीआयला वेळ नाही, तर हाच काढा, टुरिस्ट नको. यावर आलेल्या मुलाचा ओसीआय अर्ज इथून करता येतो. मात्र कर्नाटकाचं परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय बेंगळुरात आहे. बोलावणं आलं तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसची रात्र धरून चला.

ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. आई-बापापैकी एक जरी भारतीय नागरिक असेल तरी अल्पवयीन मुलाला मिळतो. परदेशातून केला तर २७५ डॉलर, भारतात १५,००० रुपये. पोलिसांकडं नोंदणी नाही, मुदतवाढ नाही, वर्षाकाठी १८२ दिवस इथं राहिलं की आधारही निघतं. वीस वर्षांपर्यंत नवा पासपोर्ट निघाला की त्याची प्रत आणि फोटो ऑनलाइन चढवायचा, एवढंच. सोळाच्या आतला अमेरिकन पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळं हे विसरू नका.

मग अडतं कुठं? पहिलं, शिक्षण. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलाला नीट किंवा जेईई देता येते, पण जागा मिळते ती एनआरआय (अनिवासी भारतीय) कोट्यातली किंवा नेहमीच्या जागांवर जादा ठेवलेली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तारखेआधी कार्ड मिळालेल्यांना या अटीतून सोडवलं. त्यामुळं जुनं कार्ड असेल तर ते जपा. आपल्याकडं दहावी झाली की घरोघरी मेडिकल-इंजिनिअरिंगची चर्चा सुरू होते, आणि एनआरआय जागेची फी नोकरदार बापाला झेपणारी नसते. हे मला सगळ्यात मोठं नुकसान वाटतं. दुसरं, नोकरी. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात वाढलेल्या मुलाला फौजेचं स्वप्न पडलं तर ओसीआयवर सैन्याचं दार बंद आहे. सरकारी नोकरी आणि मतदानही नाही. तिसरं, शेती. ओसीआय धारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानंही घेता येत नाही. वारसानं आलेली मात्र चालते. म्हणून नातवाच्या नावे बक्षीसपत्र करायला निघालेल्या आजोबांना थांबवा आणि आधी वकिलाला विचारा.

भारतीय पासपोर्टनं हे सगळं सुटतं, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. जन्मनोंदणी करताना मुलाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आई-बापानं लिहून द्यावं लागतं. नोंदणी झालेल्या मुलाकडं दुसरं नागरिकत्वही असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडावं लागतं, नाहीतर भारतीय नागरिकत्व जातं. नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली भारतीय आई-बापांच्या अल्पवयीन मुलाला डीसी ऑफिसमार्फत (जिल्हाधिकारी कार्यालय) नागरिक म्हणून नोंदवून घेण्याची वाट आहे. पण अमेरिकेच्या नियमानं आई-बाप मुलाच्या वतीनं तिथलं नागरिकत्व सोडू शकत नाहीत, तिथं ही वाट अडते.

माझं मत विचाराल तर, अमेरिकन पासपोर्ट आधीच हातात असेल तर विमानात बसण्याआधी ओसीआय घ्या आणि मेडिकलचा विचार असेल तर आजपासून पैसे बाजूला टाका. बाळ अजून वर्षाचं व्हायचंय, तिथला पासपोर्ट काढलेला नाही आणि परत जायचं नाही हे नक्की असेल, तरच भारतीय नोंदणीचा विचार करा. तोही जाणकार वकिलाला विचारून, कारण अमेरिका आपल्या नागरिकाकडून ये-जा करताना आपलाच पासपोर्ट मागते. ओसीआय घेतला म्हणून कायमचं परकं व्हायचं नाही. पाच वर्षं कार्ड असलेल्या आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेल्या सज्ञान माणसाला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तो निर्णय पोरगा मोठा झाल्यावर स्वतः घेईल.