विंकलरचं फ्रायबेर्ग - बाबांना घेऊन गेलो, पाचपैकी पाच

जर्मनीत ड्रेस्डेनला राहून तीन वर्षं झाली तरी फ्रायबेर्ग राहूनच जात होतं, ट्रेनने जेमतेम पाऊण तास, पण जवळ असलं की आपण जात नाही ना. शेवटी बाबा सांगलीहून आले आणि त्यांनीच विषय काढला. त्यांनी शाळेत असताना ओए 79 डायोड लावून बिनबॅटरीचा रेडिओ केला होता, त्या डायोडमधलं जर्मेनियम हे मूलद्रव्य ज्या गावात सापडलं ते इतकं जवळ आहे कळल्यावर त्यांना राहवेना. (तिकीट काढताना नाव नीट बघा, फ्रायबुर्ग वेगळं, ते जर्मनीच्या पार नैऋत्येला आहे.)

ब्रेनहाउसगासे 5 या पत्त्यावर जर्मेनियम शोधणारे रसायनशास्त्रज्ञ क्लेमेन्स विंकलर यांचं स्मारक आहे, म्हणजे खाणविद्यापीठाची जुनी रसायन प्रयोगशाळा. आधी कळवून, वेळ ठरवूनच जा. बाहेरून साधं दगडी घर, आपण सहज पुढे निघून जाऊ असं. पण आत काय घडलं ते माहीत असेल तर पाय अडकतो तिथे.

1885 मध्ये जवळच्याच हिमेल्सफ्यूर्स्ट खाणीत एक नवीन खनिज मिळालं, आर्गिरोडाइट. विंकलर यांना ते तपासायला दिलं. चांदी साधारण 75 टक्के, गंधक 17, थोडं लोखंड, जस्त, पारा, सगळी बेरीज केली तरी 7 टक्के कमीच. परत केलं, परत कमी. दुसरा कोणी असता तर वजन करताना चूक झाली म्हणून सोडून दिलं असतं, हा माणूस मात्र कित्येक आठवडे त्या 7 टक्क्यांच्या मागे लागला आणि 6 फेब्रुवारी 1886 ला नवीन मूलद्रव्य हातात आलं. मला सगळ्यात भारी हेच वाटतं. आणि मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने 1871 लाच सांगून ठेवलेलं की त्या सारणीत सिलिकॉनच्या खाली एक जागा रिकामी आहे, अणुभार 72 च्या आसपास असेल, त्याचं क्लोराइड 100 अंशांच्या आत उकळेल. विंकलर यांना अणुभार मिळाला 72.3 आणि क्लोराइड उकळलं 86 ला! हे बाबांना सांगताना माझ्याच अंगावर काटा आला.

जर्मेनियममुळे बाकीचं काम झाकलं जातं, सल्फ्युरिक आम्ल बनवायच्या कॉन्टॅक्ट पद्धतीवर त्यांनी 1875 मध्येच महत्त्वाचं काम केलं, वायूंमध्ये काय काय आहे ते कारखान्यात कसं तपासायचं यावरही. 1947 चा पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचाच, आज थर्मल कॅमेऱ्याच्या भिंगात आणि इंटरनेटच्या फायबरमध्येही तेच. गावाची कमाल बघा, 1863 मध्ये इंडियम हे मूलद्रव्यही इथेच सापडलं, ते शोधणाऱ्या दोघांपैकी राइश यांना रंग ओळखता येत नव्हते म्हणून वर्णपटातली त्याची निळी रेघ त्यांचे सहकारी रिश्टर यांनी बघितली.

वेळ असेल तर फ्रॉयडनश्टाइन किल्ल्यातलं टेरा मिनरालिया सोडू नका, साडेतीन हजारांवर खनिजं आहेत, अर्धा दिवस सहज जातो. आशियाच्या दालनात आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातले (बेसाल्टमधले) झिओलाइट खनिजांचे दगड दिसले आणि बाबा तिथेच थांबले, लहानपणी विहीर खणताना असले चमकणारे दगड निघायचे म्हणे आणि पोरं ते खेळायला न्यायची. बराच वेळ हलले नाहीत तिथून.

नंतर चौकात बसून आयरशेके खाल्ला, तो इथला केक, फार गोड नाही, घ्याच. रायशे त्सेशे खाणीत 150 मीटर खाली नेतात पण बाबांच्या गुडघ्यांमुळे ते राहिलं, ऑक्टोबरात मित्रांबरोबर जाणार आहे, कोणी जाऊन आलं असेल तर खाली थंडी किती असते तेवढं सांगा.