अनुलोम-विलोम की भ्रामरी?

रोज दहा-पंधरा मिनिटांच्या वर वेळ मिळत नसेल, तर दोन्ही करत बसू नका, एकच धरा. कपालभाती मी या शर्यतीत घेतलेलीच नाही. हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात ती धौती-नेतीच्या पंक्तीत, षट्कर्मांत म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत आहे. शिवाय पोट रिकामं हवं, आणि बीपी किंवा हर्निया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. संध्याकाळी लोकलमधून उतरून वडापाव खाल्लेल्या माणसाचं ते काम नव्हे.

राहिल्या दोन: एकेक नाकपुडी आळीपाळीने दाबून श्वास घ्यायचा ते अनुलोम-विलोम, आणि श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव करायचा ती भ्रामरी. मन शांत करण्यात दोन्ही जवळपास सारख्याच, कारण खरं काम संथ श्वासाचं आहे. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला की हृदयाचे ठोके श्वासाबरोबर वर-खाली होऊ लागतात आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर होते. अनुलोम-विलोमात तिथवर मोजत जावं लागतं. मन भरकटणाऱ्याला हे मोजणं उपयोगीच पडतं, आणि सकाळी त्याने जी तरतरी येते ती भ्रामरीने मला तरी येत नाही.

पण नाक! मी घोडबंदर रोडला राहतो. आठ महिने धूळ, चार महिने ओल. सकाळी उजवी नाकपुडी दाबली की डावीतून श्वास कण्हत येतो, आणि लक्ष श्वासावरून त्या नाकपुडीवर जाऊन बसतं. नाक धडधाकट असलं तरी बहुतेकांत एका वेळी एक बाजू थोडी सुजलेली असते आणि काही तासांनी पाळी बदलते. जुने योगी यासाठी काखेत योगदंड धरत. ज्या बाजूला दाब, त्याच्या विरुद्ध बाजूची नाकपुडी सुटते. मी उशी धरून पाहिली. सुटते, पण तोवर स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झालेली असते आणि डब्याची हाक येते. योगवर्गातल्या बाई म्हणायच्या, ‘जोर लावू नका, थांबा.’ बरोबरच आहे त्यांचं. पण रोज थांबायचं कुठून?

भ्रामरीत ही कटकट नाही. दोन्ही नाकपुड्या मोकळ्या, त्यामुळे एक रुसली तरी दुसरी भागवते. गुंजारव लांबवायचा म्हटलं की उच्छ्वास आपोआप लांबतो, आकडे मोजावे लागत नाहीत. २००२ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शांत उच्छ्वासापेक्षा सुमारे १५ पट असतो, कारण त्या कंपनाने सायनसमधली हवा खेळती होते. ते प्रयोग साध्या गुणगुणण्याचे होते, भ्रामरीचे नव्हेत, आणि सर्दीवर औषध सापडलं असं मी म्हणणार नाही. पण भ्रामरीनंतर माझं डोकं हलकं होतं आणि झोप लवकर लागते, एवढं खरं.

गैरसोय आवाजाची. वन बीएचकेत लपून भ्रामरी करता येत नाही. आमची लेक पहिल्यांदा ऐकून म्हणाली, ‘बाबा, तुमचा फोन व्हायब्रेट होतोय.’ गाडीत तर प्रश्नच नाही, पण सेकंड क्लासच्या गर्दीत नाक धरून तरी कोण बसणार आहे?

कान दुखत असेल किंवा वाहत असेल तर भ्रामरी नको. वर्षभर नाक साथ देत असेल, मोजायचा कंटाळा नसेल, आणि सकाळचीच वेळ मोकळी असेल, तर अनुलोम-विलोमच घ्या, माझी हरकत नाही. बाकीच्यांनी काही दिवस रात्री झोपण्याआधी भ्रामरी करून पाहावी. कुठलीही निवडा, पण एकदा समोर बसून शिका. घंटाळी मित्र मंडळाच्या योगवर्गांत तयार झालेलं कुणी ना कुणी ठाण्यात ओळखीत निघतंच.