ओपन फूड फॅक्ट्स अ‍ॅप : घ्या, पण तिन्ही शिक्क्यांवर सारखा विश्वास ठेवू नका

आधी निकाल सांगते, पाचपैकी चार स्टार. अ‍ॅप फुकट आहे, जाहिराती नाहीत, बारकोड स्कॅन केला की पाकिटाच्या मागे मुंगीच्या अक्षरात छापलेलं सगळं मोठ्या अक्षरात समोर येतं आणि वर तीन शिक्के दिसतात, न्यूट्री-स्कोअर, नोव्हा आणि ग्रीन-स्कोअर. गोची इथेच आहे कारण तिन्ही एकाच स्क्रीनवर एकाच ऐटीत बसलेले असतात, पण तिघांची लायकी सारखी नाही.

२०१२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला हा प्रकल्प आहे, चालवणारी संस्था ना-नफा, माहिती बरीचशी लोकांनीच पाकिटाचे फोटो काढून भरलेली, ३० लाखांच्या वर पदार्थ झालेत आणि तो सगळा डेटा कुणालाही वापरायला खुला आहे.

न्यूट्री-स्कोअरवर माझा सगळ्यात जास्त भरवसा. पदार्थ पोषणाच्या दृष्टीने किती चांगला ते सांगणारी ए (सगळ्यात चांगला) ते ई (सगळ्यात वाईट) अशी पाच अक्षरं, गडद हिरव्यापासून लालसर केशरीपर्यंत. हिशोब १०० ग्रॅमवर (पेय असेल तर १०० मिलीवर) होतो, म्हणजे कंपनीने "एक सर्व्हिंग" म्हणून दोन बिस्किटं धरून आकडे छोटे दाखवायची चलाखी इथे चालत नाही. कॅलरी, साखर, सॅच्युरेटेड फॅट, मीठ यांचे वाईट गुण, फळं-भाज्या-कडधान्यं, फायबर, प्रोटीन यांचे चांगले गुण, वजाबाकी करा की अक्षर मिळालं. पाकिटावर कंपनीने छापला नसला तरी पोषणाचा तक्ता पूर्ण भरलेला असेल तर अ‍ॅप स्वतः काढून देतं, हे मला फार आवडलं, कारण पुढून "हाय फायबर" ओरडणारं पाकीट स्कॅन केलं की डी निघतो आणि मग कळतं की ओरडायची गरज का पडली. फक्त एकाच प्रकारच्या दोन वस्तूंची तुलना करा. तेल आणि सीरियल शेजारी ठेवून अक्षरं बघण्यात काही अर्थ नाही.

नोव्हा म्हणजे पदार्थावर किती प्रक्रिया झालीय त्याचे चार गट, ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलेली पद्धत. चौथा गट म्हणजे अल्ट्रा-प्रोसेस्ड. आता होतं काय की एखादं सीरियल न्यूट्री-स्कोअरमध्ये बी आणि नोव्हात चार येतं आणि नवखा माणूस विचारतो की मग खाऊ की नको. अ‍ॅप हे भांडण सोडवत नाही. एक शिक्का आत काय आहे ते मोजतो, दुसरा ते कसं बनवलंय ते, एवढं एका ओळीत तिथेच लिहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

आणि ग्रीन-स्कोअर, ज्याचं नाव आधी इको-स्कोअर होतं. कल्पना झकास, खाण्याचा पर्यावरणावरचा भार एका अक्षरात. पण त्याचा पाया म्हणजे अ‍ॅग्रिबॅलिस या खाण्याचा पर्यावरणावरचा भार नोंदवणाऱ्या फ्रान्सच्या डेटाबेसमधली त्या प्रकारच्या पदार्थाची सरासरी, त्यावर मग कच्चा माल कुठून आला, पॅकिंग कसलं, ऑरगॅनिकसारखं सर्टिफिकेट आहे का, पाम तेल आहे का, यावरून गुण वर-खाली होतात. म्हणजे दोन कंपन्या तीच वस्तू बनवतात, एकीने शेतात खरोखर खत-पाणी कमी केलं पण सर्टिफिकेट घेतलं नाही, तर दोघींचा पाया सारखाच! धान्य विरुद्ध मांस असा मोठा फरक हा शिक्का नीट दाखवतो, दोन पाकिटांमधला बारीक फरक याच्याकडून काढायला जाऊ नका.

यात अ‍ॅपला किती बोल लावायचा? खरी माहिती कंपन्यांकडे पडलेली असते, ती थेट भरायला उत्पादकांसाठी वेगळी सोयही केलेली आहे, पण सक्ती कुणावरच नाही. न्यूट्री-स्कोअर फ्रान्सने २०१७ मध्ये आणला तोही ऐच्छिक. युरोपियन युनियनने २०२० मध्ये सांगितलेलं की २०२२ संपेपर्यंत सगळ्यांसाठी एकच सक्तीच्या लेबलाचा प्रस्ताव आणू, तो आलाच नाही. ऐच्छिक असलं की काय होतं बघा, दही-दुधाचे पदार्थ विकणारी फ्रेंच कंपनी डॅनोन सुरुवातीपासून न्यूट्री-स्कोअरच्या बाजूने होती, मग सुधारित हिशोबात पिण्याचं दही वगैरे पेयांमध्ये मोजायला लागले, ग्रेड घसरले आणि २०२४ मध्ये कंपनीने त्या मालावरून लेबल काढायचं जाहीर केलं. उलट चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, फॅट असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोन सक्तीचे केले, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी रेसिपीच बदलून साखर-मीठ कमी केलं. गिऱ्हाईक लेबल वाचो न वाचो, आतला माल सुधारला.

वापरणार असाल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन तुमच्यासाठी काय महत्त्वाचं ते निवडा, मीठ, साखर, अ‍ॅलर्जी, पाम तेल, जे असेल ते, ती निवड तुमच्या फोनमध्येच राहते आणि त्याप्रमाणे वस्तूंचा क्रम लागतो. आणि ग्रेड बघायच्या आधी माहिती कधी अपडेट झालीय ते बघा, कंपन्या रेसिपी बदलतात पण बारकोड तोच राहू शकतो, मग जुन्या रेसिपीचा ग्रेड नव्या मालाला चिकटून बसतो. तसं दिसलं तर घटकांच्या यादीचा आणि तक्त्याचा नवा फोटो टाका, दोन मिनिटांचं काम आहे.