कोरीव होडी की फळ्यांची? खानदेशी उन्हाचा हिशेब

दीड फुटाची शिडाची होडी स्वतः घडवून जळगावच्या मेहरूण तलावात सोडायची, अशी हौस आली की पहिला प्रश्न हाच पडतो: ठोकळा पोखरायचा की फासळ्यांवर फळ्या बसवायच्या? कोकणात या प्रश्नाचं उत्तर खारं पाणी देतं. आपल्याकडे ते मे महिना देतो. होडी वर्षातून पाच-सहा दिवस पाण्यात, बाकी सगळा काळ कपाटावर आणि खोलीत पंचेचाळीस अंशांची झळ.

कोरीव होडीला हत्यारं थोडी लागतात. वाकस, दोन पटाश्या, कानस, पॉलिश पेपर. माझी तीन रविवारांत झाली. लाकडाची निवड मात्र जपून करा. ४५ बाय १३ बाय १० सेंटिमीटरचा ठोकळा सागाचा असेल तर पावणेचार किलोंच्या घरात जातो, शिवणीचा पावणेतीन, सावरीचा दोनच्या आसपास. सावर पटाशीखाली भाकरीसारखी तुटते, पण कीड आणि बुरशी तिला लगेच धरतात. मी शिवण घेईन. कुठलंही लाकूड घ्या, ठोकळ्यात झाडाचा गाभा नको. लाकूड सुकताना घेराच्या दिशेनं जास्त आकसतं, गाभ्याच्या दिशेनं कमी. त्या ओढाताणीत उभी चीर जाते. माझ्या पहिल्या होडीला अक्षय्यतृतीयेनंतर अशी चीर पडली की तिच्यात रुपया उभा राहायचा.

फळ्यांची होडी म्हणजे चिकाटीची परीक्षा. आधी कणा, मग फासळ्या, मग तीन मिलिमीटरच्या सागाच्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवून एकेक वाकवायच्या. मला दीड महिना लागला, दोन पट्ट्या मोडल्या. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याआधी सांधा थिनरनं पुसावा लागतो. पण या होडीचं अंग हलकं, त्यामुळे वाचलेलं वजन शिशाच्या रूपानं थेट कण्याखाली देता येतं. तिरक्या काठीवरचं तिकोनी शीड वाऱ्यानं भरलं की होडीला सरळ ठेवतं ते हेच वजन. कोरीव सागाची होडी तिथे आडवी होते.

उन्हाळ्यात फळ्यांच्या होडीचेही सांधे उघडतात, पण थोडेथोडे, सगळीकडे. कापसाची वात सांध्यात दाबून वर राळ-तेलाचा लेप दिला की झालं. पाण्यात फळ्या फुगून वात आवळतात. तेल जवसाचं हवं. घरात शेंगदाण्याचं आहे म्हणून ते लावाल तर ते वाळतच नाही, चिकट राहून धूळ धरतं. आणि जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा.

सागाच्या टिकाऊपणाबद्दल शंका असेल तर १८१७ साली मुंबईच्या गोदीत बांधलेलं ट्रिंकोमाली जहाज आठवा. ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतं आहे.

पहिलीच होडी असेल, पोरांना दिवाळीच्या सुट्टीत खेळायला हवी असेल, तर शिवणीची कोरा. जपून ठेवायची असेल तर फळ्यांची, आणि त्यासाठी वखारीत जाण्याआधी गावात कुणाचं धाब्याचं घर पाडतात का ते बघा. त्याच्या छताच्या कड्या-सऱ्यांनी, म्हणजे जुन्या तुळयांनी, कितीतरी उन्हाळे आधीच पचवलेले असतात, त्यामुळे फारसं आकसायचं उरलेलं नसतं. फक्त रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवा. जुने खिळे आत मोडून बसलेले असतात.