साताऱ्याच्या पेठेतील काष्ठौषधींचे दुकान

वैद्यांनी मूतखड्यासाठी लिहून दिलेल्या काढ्याचे सामान घ्यायचे असेल, तर हे जुने दुकान भरवशाचे आहे. गोखरू, पुनर्नवेची मुळे, वायवर्ण्याची साल आणि पाषाणभेद हे सर्व जिन्नस येथे अख्खे मिळतात, ही मोठीच सोय, कारण एकदा पूड झाली की भेसळ ओळखणे कठीण जाते. गोखरूची फळे काटे शाबूत असलेली, हाताला टोचणारी होती. दशमुळांसाठी (दहा मुळांच्या आयुर्वेदिक मिश्रणासाठी) मूळ आणि मूत्रविकारांसाठी फळ, हा फरक मालकांनी आपण होऊन सांगितला. पाषाणभेद या नावाखाली बाजारात निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. येथे मात्र हिमालयातून येणारे तांबूस तपकिरी कांडेच दाखवले गेले.

पुनर्नवेच्या मुळांना माती होती, तीही वजनात धरली गेली, हे खटकले. ‘किडनीचा तयार काढा’ म्हणून ठेवलेल्या पुड्यांवर घटकांची यादीच नाही, आणि हा दोष किरकोळ नव्हे: पुनर्नवेत पोटॅशियमचे क्षार असतात, त्यामुळे मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्या रुग्णाने ती डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. हुलगेही येथे मिळतात, पण ते मंडईतून घ्यावेत, स्वस्त पडतात.