‘काका, मदरबोर्ड उडालाय’

मुलगा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थ्रीडी रेंडरिंगला लॅपटॉप पुरेना, म्हणून दिवाळीआधी आम्ही दोघं कल्याणहून निघालो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर दिवसभर फिरून घरीच डेस्कटॉप जोडायला एकेक पार्ट घेतला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य चिप) मदरबोर्ड, म्हणजे बाकी सगळे पार्ट ज्याला जोडतात तो मुख्य बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस, कॅबिनेट. एकूण ६३ हजार. प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल मिळालं. तिथे आमची फसवणूक झाली नाही, हे आधीच सांगतो. फसलो ते घराजवळ.

रविवारी मुलाने व्हिडिओ बघत बघत सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखे फिरले, कॅबिनेटचे दिवे लागले, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. दहा वेळा बंद-चालू केलं. रॅम काढून परत बसवल्या, केबल बदलून पाहिली. रात्री अकरापर्यंत तेच. पोराचा चेहरा पाहवत नव्हता. कॉलेजचं सबमिशन तोंडावर, म्हणून सोमवारी मी ते कॅबिनेट रिक्षात घालून स्टेशनजवळच्या एका रिपेअरवाल्याकडे नेलं. ओळखीतल्या एकाने त्याचं नाव सुचवलं होतं.

त्याने झाकण उघडलं, मोबाइलचा टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत म्हणाला, “काका, मदरबोर्ड उडालाय. घरी जोडलंत ना, हाताचं स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, लागलं असणार. आता वॉरंटी पण नाही मिळणार.” मी घाबरलो. पोराच्या हातून दहा-अकरा हजारांची वस्तू गेली, असंच वाटलं. तिसऱ्या दिवशी मशीन चालू अवस्थेत दाखवून त्याने ९,५०० रुपये घेतले. बिल मागितलं तर “जीएसटी लावला तर अजून वाढतील” म्हणाला. जुना बोर्ड मागितला तर “तो भंगारात टाकला, काय करणार घेऊन?” मी यूपीआयने पैसे दिले आणि आभार मानून घरी आलो.

दोन आठवड्यांनी मुलाने जादा हार्ड डिस्क लावायला झाकण काढलं आणि मला हाक मारली. आमच्या बोर्डवर रॅमचे चार स्लॉट होते, आता दोनच होते. बोर्ड बदलला हे ठाऊक होतंच, पण त्याने ‘तुमच्यासारखाच नवा’ म्हणून सांगितलं होतं. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पाहिलं तर ए३२० चिपसेट, आमच्यापेक्षा कितीतरी जुना आणि स्वस्तातला. स्क्रूच्या भोकांभोवती आधीच्या वापराचे ओरखडे होते. आणि रॅम! आमच्या रॅमवर काळं धातूचं कव्हर होतं. आत होत्या त्या उघड्या हिरव्या पट्ट्या, वेगळ्याच कंपनीच्या. रॅम बिघडल्याचं तर त्याने एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.

खरा धक्का पुढचा आहे. मशीन चालू होत नव्हतं त्या रात्री मुलाने मित्राला पाठवायला आतला फोटो काढला होता. माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या भाच्याला कॉम्प्युटर जोडण्याचा अनुभव आहे, त्याला तो दाखवला. त्याने फोटो बोटांनी मोठा केला आणि बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर थांबला. तिथे आठ भोकांचं एक छोटं काळं सॉकेट होतं, पूर्ण रिकामं. बोर्डच्या उजव्या कडेला ‘सीपीयू’ लिहिलेल्या जागी लाल ठिपका पेटलेला. “प्रोसेसरची पॉवर केबलच लावलेली नाही,” तो म्हणाला. २४ पिनांची मोठी केबल लावली की पंखे फिरतात, दिवे लागतात, पण प्रोसेसरला वीज त्या आठ पिनांतून मिळते. ती नसेल तर स्क्रीनवर काही येत नाही. बोर्ड मेला होता याची एकही खूण त्या फोटोत नव्हती. मागून केबल ओढून खोचायची, एवढंच काम होतं. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला टॉर्च मारल्यावर ते दिसलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

म्हणून नवीन जोडलेलं मशीन चालू झालं नाही तर कुणाच्या हातात देण्याआधी हे बघा. ती आठ पिनांची केबल लागली आहे का. ती बहुधा दोन चार-चारच्या तुकड्यांत येते, ग्राफिक्स कार्डची सहा अधिक दोनची वेगळी असते, गल्लत करू नका. आमच्या प्रोसेसरसारखा अंगभूत ग्राफिक्स (स्वतःच स्क्रीनवर चित्र दाखवायची सोय) नसलेला प्रोसेसर असेल, तर मॉनिटरची केबल बोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डलाच लागते. रॅम क्लिकचा आवाज येईपर्यंत दाबा; दोन असतील आणि स्लॉट चार, तर सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात. बोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज असलेली डिस्क) असे चार छोटे दिवे असतील तर कोणता पेटून राहतो ते पाहा, बिघाड कुठे आहे ते तोच सांगतो. आणि मशीन दुकानात द्यायचंच असेल, तर बोर्ड, रॅम, प्रोसेसर यांच्या सीरियल नंबरचे फोटो काढून ठेवा आणि दुकानदाराकडून पार्टची नावं लिहिलेली पावती घ्या. ‘घरी जोडलं म्हणून वॉरंटी गेली’ हेही खोटं होतं. डबाबंद पार्ट जोडण्यासाठीच विकतात आणि वॉरंटी प्रत्येक पार्टची स्वतंत्र असते. मी त्याच दिवशी बोर्ड घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो असतो तर तिथेच उलगडा झाला असता.

फोटो, बिलं आणि रॅमचे डबे घेऊन आम्ही त्या रिपेअरवाल्याकडे गेलो. आधी त्याने आवाज चढवला, मग “पोऱ्याकडून अदलाबदल झाली असेल” म्हणत ड्रॉवरमधून आमच्याच दोन रॅम काढून दिल्या. डब्यावरचा नंबर जुळला. बोर्डचं मात्र “भंगारात गेला” यापुढे काही नाही, आणि पैसे परत करायला साफ नकार. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेव्हा कळलं की २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते.

हेल्पलाइनवरच्या तक्रारीला त्याने काही उत्तर दिलं नाही. आता त्याला नोटीस स्पीड पोस्टाने पाठवली आहे. सोबत यूपीआयची नोंद, तो फोटो आणि बोर्डच्या रिकाम्या डब्यावरच्या सीरियल नंबरची प्रत जोडली आहे. पंधरा दिवसांची मुदत दिली आहे, त्यातले नऊ झाले.