फळांचे मोती घरी करण्याचा संच: कोकमापाशी कुठे अडतो

मिष्टान्नावर आणि सरबतात घालण्यासाठी फळांच्या रसाचे मोती घरी करता यावेत, म्हणून मी ऑनलाइन मागवलेला संच कलिंगड, मानकुराद आंबा आणि कोकम या तिन्हींवर वापरून पाहिला. कमी आंबट रसांसाठी तो घेण्याजोगा आहे. मात्र ज्या गोव्यात सरबत म्हटले की आधी कोकम आठवते, तेथे केवळ या संचावर विसंबता येणार नाही.

संचात सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियम क्लोराइड यांच्या पुड्या, ड्रॉपर, जाळीदार चमचा आणि माहितीपत्रक येते. अल्जिनेट हे तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळते. ते मिसळलेल्या रसाचा थेंब कॅल्शियमच्या पाण्यात पडला की त्याच्याभोवती तत्काळ पातळ पापुद्रा धरतो आणि आतला रस मात्र पातळच राहतो. स्पेनमधील एल बुली या उपाहारगृहाने 2003 च्या सुमारास ही रीत जगभर पोहोचवली. 200 मिलिलीटर रसाला 1 ग्रॅम अल्जिनेट आणि 1 लिटर पाण्याला 5 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड हे प्रमाण चांगले जमते, पण त्यासाठी ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा लागतो आणि तो संचात नाही.

गोव्यातील पर्रा गावच्या कलिंगडाच्या गाळलेल्या रसाचे मोती देखणे होतात. दाताखाली ते फुटतात आणि तोंडात रस पसरतो, हा आनंद खरोखर वेगळा आहे. मानकुरादचा रस दाट असल्याने तो पाणी घालून सैल करावा लागतो, नाहीतर थेंबांना शेपट्या येतात. अल्जिनेट मिक्सरमधून फिरवल्यावर मिश्रण फ्रिजमध्ये ठेवून त्यातील बुडबुडे पूर्ण जाऊ द्यावेत, आणि तयार मोती स्वच्छ पाण्यात विसळावेत, कारण कॅल्शियम क्लोराइडची कडवट चव जिभेवर राहते. हे मोती आतपर्यंत घट्ट होत जातात, म्हणून ते पाहुणे आल्यावरच करावेत.

कोकमाच्या बाबतीत मात्र संच निरुपयोगी ठरतो. तीव्र आंबट रसात अल्जिनेट नीट विरघळत नाही. मिश्रण गुठळ्यांचे होते आणि थेंब गोल धरत नाहीत. सोडियम सायट्रेट घालून आंबटपणा उतरवता येतो, पण ते संचात नाही, आणि माहितीपत्रकात आंबट रसांविषयी एक अक्षरही नाही. ही उणीव मला गंभीर वाटते. शिवाय कॅल्शियम क्लोराइड हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे उघडलेली पुडी आपल्या पावसाळ्यात पाणी होऊन बसते. ती घट्ट झाकणाच्या बरणीतच ठेवायला हवी.

कोकमासाठी किराणा दुकानात मिळणारे चायना ग्रास (पदार्थ घट्ट करणारे अगर-अगर) अधिक भरवशाचे आहे. त्याची 2 ग्रॅम पूड 100 मिलिलीटर पाण्यात उकळून पूर्ण विरघळवावी आणि आच बंद केल्यावरच 100 मिलिलीटर कोमट अमृत कोकम (कोकमाचा साखर घातलेला पाक) घालावे, कारण आंबट रसासह उकळल्यास चायना ग्रासची घट्ट होण्याची शक्ती कमी होते. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ असते, म्हणून गोड पदार्थासाठी ते वापरू नये. मिश्रण थोडे निवले की उंच पेल्यातील थंडगार तेलात थेंब सोडावेत. थेंब तेलातून सावकाश खाली उतरता उतरता गोल होऊन घट्ट होतात. तेल सूर्यफुलाचे घ्यावे, कारण घरचे खोबरेल फ्रिजमध्ये गोठते. उन्हाळ्यात पेला बर्फात उभा ठेवावा, अन्यथा तेल लवकर कोमट होते आणि थेंब तळाशी एकमेकांना चिकटतात.

हे मोती आतून घट्ट असतात, फुटत नाहीत. ही त्यांची मर्यादा मान्य केली पाहिजे. तरीही सेरादुराच्या, म्हणजे साय आणि बिस्किटांचा चुरा यांच्या थरांच्या मिष्टान्नाच्या, गोड, दाट सायीवर त्यांचा आंबटपणा फार शोभतो, आणि विसळून पाकात ठेवल्यास ते फ्रिजमध्ये दोन दिवस सहज टिकतात. लिंबू सोड्यात मात्र मी कलिंगडाचे, फुटणारे मोतीच घालीन. ज्यांच्या घरी बारीक वजनाचा काटा आहे आणि ज्यांना फुटणारे मोतीच हवे आहेत, त्यांनी हा संच जरूर घ्यावा. इतरांनी चायना ग्रासची पूड आणि औषधाच्या दुकानातून एक साधा ड्रॉपर आणावा.